जनरेटरची रेस कमी-जास्त का होते?

भूमच्या बाजारपेठेत आज इन्व्हर्टर नसलेले दुकान क्वचितच सापडेल. 2005 नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्राने तासन्तास भारनियमन सोसले, तेव्हा दुकानदारांनी व शिलाई कारागिरांनी पेट्रोलचे छोटे जनरेटर घेतले. ते आता कोपऱ्यात पडून असतात आणि ईद, दिवाळी किंवा लग्नसराईत लाईट गेली की बाहेर निघतात. इंजिन सुरू होते, पण रेस एका लयीत राहत नाही. आवाज चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. मिस्त्री याला ‘हंटिंग’ म्हणतात.

हा नुसता आवाजाचा त्रास नाही. 50 सायकलची वीज मिळण्यासाठी असे बहुतेक जनरेटर मिनिटाला सुमारे 3000 फेऱ्या घेतात. फेऱ्या डळमळल्या की व्होल्टेजही डळमळते आणि शिलाई मशीनची मोटर, बिलाचा कॉम्प्युटर यांना धोका पोचतो.

कारण बहुधा साधे असते. पेट्रोल कमी व हवा जास्त झाली की इंजिन मंदावते. गव्हर्नर थ्रॉटल उघडतो, रेस चढते. तो बंद करतो, रेस पडते. हेच चक्र चालू राहते. महिनोन्महिने टाकीत राहिलेले पेट्रोल चिकट होऊन कार्बोरेटरच्या बारीक जेटमध्ये बसते. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते व ते ओलावा ओढते, म्हणून जास्त दिवस ठेवणे आणखी नुकसानीचे.

मिस्त्रीकडे नेण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, चोक अर्धा ओढावा. रेस स्थिर झाली तर पेट्रोल कमी पडते आहे किंवा कार्बोरेटरच्या गॅस्केटमधून हवा शिरते आहे. फरक पडला नाही तर गव्हर्नरची स्प्रिंग व दांडी तपासून घ्यावी. दुसरी, इंजिन दहा-पंधरा मिनिटांनी मंदावत असेल तर टाकीचे झाकण जरा सैल करावे. त्याने सुधारले तर झाकणाचे हवेचे छिद्र बुजलेले आहे. तिसरी, जुने पेट्रोल काढून कार्बोरेटरची वाटी व फिल्टर साफ करावा. जेटमध्ये तार घालू नये, छिद्र मोठे होते. क्लीनर व हवेचा झोत पुरे.

ही खोड फक्त जनरेटरची नाही. समुद्रावर खेळासाठी चालणाऱ्या पाण्याच्या स्कूटरचेही तसेच. 1990 च्या दशकातील ‘सी-डू’ गाड्यांच्या करड्या पेट्रोल नळ्या आतून विरघळून हिरवा चिकट गाळ होई व कार्बोरेटरची जाळी बुजे. तिथे दुर्लक्ष केल्यास टू-स्ट्रोक इंजिन तापून पिस्टन जाम होतो, आणि काही रुपयांच्या नळीपायी पूर्ण इंजिन उघडावे लागते.

एक ताकीद मात्र सर्वांत महत्त्वाची. तपासणीसाठी असो वा धंद्यासाठी, जनरेटर दुकानाच्या आत किंवा शटर अर्धे ओढून कधीही चालवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साईडला ना वास ना रंग. माणूस झोपल्यासारखा होऊन दगावतो. चालू किंवा तापलेल्या इंजिनात पेट्रोल ओतू नये, कापडाच्या दुकानात तर मुळीच नाही.

हंगाम संपला की टाकी रिकामी करावी, नळ बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे. दहा मिनिटांचे हे काम पुढच्या हंगामातील गिऱ्हाईक वाचवते.