पंचा, लुगडे आणि वहाणा

घरी पाहुणा आला म्हणजे तो दोन शब्द बोलण्यापूर्वीच आपण त्याच्याविषयी मत बनवून मोकळे होतो. दारात काढलेल्या वहाणा, हातातील छत्री, खिशाला लावलेले पेन यांवरून त्याची ऐपत, शिक्षण, क्वचित जातही आपण मनाशी ठरवितो. वस्तू माणसाची ओळख करून देतात हे खरे. परंतु पाहणारा त्यात आपल्या पदरचेही बरेच घालीत असतो.

गांधीजींच्या पंचाचेच उदाहरण घ्या. विदेशी कापड टाकून द्यावे असा उपदेश चालू असताना, खादी घेण्याची ज्यांची ऐपत नाही त्यांनी काय नेसावे, हा प्रश्न त्यांना छळीत होता. सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराई येथे आखूड पंचा नेसून त्यांनी त्याचे उत्तर दिले. खेड्यापाड्यांतील गरिबांना त्या पंचात आपलाच माणूस दिसला. १९३१ साली त्याच वेषात ते व्हाइसरॉयच्या भेटीस गेले, तेव्हा विन्स्टन चर्चिल यांना मात्र ते एका वकिलाने घेतलेले फकिराचे सोंग वाटले.

गांधीजींनी आपला वेष आपण निवडला. ज्यांचा वेष रूढीनेच ठरवून टाकला होता, त्यांचे काय? डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे जमलेल्या स्त्रियांपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमका हाच विषय काढला. लुगडे नेसण्याची विशिष्ट तऱ्हा आणि अंगावरील जड दागिने यांवरून तुम्हांला अस्पृश्य म्हणून ओळखले जाते. तेव्हा या खुणा टाकून द्या, असे त्यांनी सांगितले. अनेक स्त्रियांनी तेथेच आपली नेसण बदलली. दुसऱ्यांनी लादलेली ओळख झुगारण्याची ती कृती होती. स्वतः बाबासाहेबांचा सूटही असाच बोलका ठरला. त्यांच्या अनुयायांनी त्यात स्वाभिमान पाहिला आणि पुढे गावोगावच्या पुतळ्यांतही तो कायम ठेवला.

गांधीजींनी अंगावरचे कपडे कमी केले, बाबासाहेबांनी संपूर्ण पोशाख स्वीकारला. दिशा उलट, पण दोघांच्याही निवडीमागे विचार होता आणि तो विचार ठाऊक नसलेल्या माणसास केवळ कापड दिसणार.

उलट, माणूस ओळखीचा असला म्हणजे साधी वस्तूही किती मोलाची होते, हे एका वहाणांच्या जोडावरून कळते. दक्षिण आफ्रिकेत ज्या सरकारने गांधीजींना तुरुंगात घातले, त्यात जनरल स्मट्स मंत्री होते. तुरुंगात स्वतःच्या हातांनी केलेला वहाणांचा जोड गांधीजींनी १९१४ साली तो देश सोडताना स्मट्स यांना भेट म्हणून दिला. स्मट्स यांनी तो कित्येक उन्हाळे वापरला; आणि एवढ्या थोर पुरुषाच्या वहाणांत पाय घालण्याची आपली योग्यता नाही, असे १९३९ साली लिहिले. एरवी ते नुसते कातडेच!

आपल्या घरीही आजीची ट्रंक असते, वडिलांची जुनी छत्री असते. अडगळ म्हणून ती काढून टाकण्यापूर्वी, ती का जपली हे त्यांनाच विचारावे. आणि दारी आलेल्या अनोळखी माणसाच्या वहाणा पाहून मनात काही आले, तर त्याचे बोलणे होईपर्यंत ते मनातच ठेवावे.