मेजरसाहेबांचीही शाळा असते!



८ डिसेंबर २०२१ चा हेलिकॉप्टर अपघात आपल्याला आठवत असेल. देशाचे पहिले संरक्षण दलप्रमुख जनरल बिपीन रावत त्या दिवशी कुठे निघाले होते? तमिळनाडूतील वेलिंग्टनला, डिफेन्स सर्व्हिसेस स्टाफ कॉलेजमध्ये व्याख्यान द्यायला.

या कॉलेजचं मूळ आपल्या नाशिकजवळच्या देवळालीत आहे. १९०५ साली ते तिथे सुरू झालं, १९०७ मध्ये क्वेट्टाला गेलं आणि फाळणीनंतर भारताचं कॉलेज निलगिरीत वेलिंग्टनला उभं राहिलं.

इथे कोण शिकतं?

भूदलातले मेजर आणि नौदल-वायुदलातले त्यांच्या बरोबरीचे अधिकारी. मित्रदेशांचे अधिकारीही असतात. अभ्यासक्रम जवळजवळ वर्षभराचा.

पुन्हा शिकायचं कशाला?

कारण काम बदलतं. तरुण अधिकारी आपली तुकडी घेऊन मिळालेला हुकूम पार पाडतो. पुढे मुख्यालयात त्यालाच योजना आखावी लागते. रसद, दारूगोळा, रस्ते, जखमींची ने-आण, सगळं बघायचं. इथली चूक हजारो जवानांना भोवते.

सुधारणा कुठे हवी?

पहिली गोष्ट आपल्या ओळखीची आहे: गाईड! भूदलाचे अधिकारी स्पर्धा परीक्षा देऊन इथे येतात. नकाशावरचा युद्धाचा प्रश्न सोडवताना शिकवणाऱ्यांकडे एक उत्तर तयार असतं, त्याला 'डीएस सोल्यूशन' म्हणतात. मग विद्यार्थी शत्रूचा विचार करण्याऐवजी ते उत्तर काय असेल याचाच अंदाज बांधू लागतो. पण खरा शत्रू गाईड वाचून येत नाही! म्हणून गुण उत्तराला नकोत, त्यामागच्या कारणांना हवेत. वर्गातल्याच एका गटाला शत्रू बनवून योजना मोडून काढायला सांगावी.

दुसरी गोष्ट, तिन्ही दलांनी एकत्र विचार करणं. १९९९ च्या कारगिल युद्धानंतर भूदल आणि वायुदल यांच्या समन्वयावर बरीच चर्चा झाली. ही सवय ऐन युद्धात लागत नाही, ती वर्गातच लावावी लागते.

पालकहो, मुलाला-मुलीला खडकवासल्याच्या एनडीएत पाठवायचं स्वप्न जरूर बघा. फक्त एवढं सांगा, की तिथे शिक्षण सुरू होतं, संपत नाही. आणि गणित वेगळ्या रीतीने सोडवलं, तर आधी विचारा, "असं का केलंस?"