निबंध आणि अभ्यासलेख : महाविद्यालयीन लेखनाच्या शिक्षणाविषयी

पदवी वर्गातील विद्यार्थ्याला ‘निबंध लिहून आणा’ असे सांगितले जाते, तेव्हा नेमके काय लिहावयाचे हे त्याला ठाऊक आहे असे बहुधा गृहीत धरले जाते. शाळेत त्याने निबंध लिहिलेले असतात. महाविद्यालयात तेच लेखन अधिक विस्ताराने करावयाचे, अशी त्याचीही समजूत होते. पुढे पदव्युत्तर वर्गात, प्रबंधिकेच्या वेळी ही समजूत अडचणीची ठरते. लेखन सुबक असते, पण त्यात प्रश्न नसतो. अवतरणे पुष्कळ असतात, पण ती कशासाठी आली आहेत हे कळत नाही. या अडचणीचे मूळ ‘निबंध’ या एकाच शब्दाखाली आपण वावरू दिलेल्या तीन निरनिराळ्या लेखनप्रकारांत आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

१

पहिला अर्थ सर्वांत जुना आहे. धर्मशास्त्राच्या परंपरेत निबंध म्हणजे निरनिराळ्या स्मृति-पुराणांतील वचने विषयवार एकत्र आणणारा ग्रंथ. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी हेमाद्रीने सिद्ध केलेला ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा त्याचा ठळक नमुना होय. व्रत, दान, श्राद्ध अशा विषयांवरील वचने त्यात मूळ ग्रंथांच्या नामनिर्देशासह येतात. येथे आधाराला महत्त्व असते. संग्राहकाचे स्वतःचे मत वचनांच्या निवडीतून आणि त्यांच्या समन्वयातून प्रकट होते.

दुसरा अर्थ अर्वाचीन आहे. १८७४ मध्ये पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ सुरू केली आणि मराठीत निबंध म्हणजे लेखकाच्या व्यक्तिमत्त्वाचा ठसा असलेले, वाचकाला आपल्या बाजूला वळवू पाहणारे गद्य, असा संकेत रूढ झाला. येथे महत्त्व लेखकाच्या स्वराला आहे.

तिसरा अर्थ शालेय निबंधाचा. दिलेल्या विषयावर ठरावीक वेळात, सुभाषितांनी नटलेले आणि कोणालाही न दुखावणारे लेखन तेथे अपेक्षित असते. त्यात हेमाद्रीसारखा आधारांचा साठा नसतो आणि चिपळूणकरांसारखी भूमिकाही नसते. भाषेचा सराव म्हणून तो उपयुक्तच आहे. परंतु महाविद्यालयात येणारा विद्यार्थी याच तिसऱ्या अर्थाची शिदोरी घेऊन येतो, हे ध्यानात घ्यावयास हवे.

अभ्यासलेखाला पहिल्या दोन्ही गोष्टी एकत्र लागतात : दुसऱ्याचे म्हणणे त्याच्या नावासह, आणि त्यासंबंधी स्वतःचे विधान. या दोहोंची सरमिसळ होऊ न देणे, हे विद्यार्थ्याने शिकावयाचे पहिले कौशल्य होय.

२

हे कौशल्य परकीय विद्यापीठांतून आपल्याकडे आले, असा एक समज आहे. पैठणचे उदाहरण पाहता तो तपासून घ्यावा लागतो. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या संहितेचे शुद्धीकरण पूर्ण केले. प्रतींमध्ये शिरलेले अपपाठ दूर करणे हा त्यामागील हेतू होता. हे काम करणारा गृहस्थ स्वतः ‘एकनाथी भागवता’चा कर्ता होता, ओवीरचना त्याच्या हातचा मळ होती. तरीही आपली ओवी ज्ञानेश्वरांच्या ओव्यांत मिसळू नये, अशी मर्यादा त्यांनी पाळली आणि इतरांनाही तसे बजावले. स्वतःला सांगावयाचे होते ते ग्रंथाच्या अखेरीस स्वतंत्र ओव्यांत, कालनिर्देशासह सांगितले.

त्याचा परिणाम दूरवरचा आहे. शुद्धीकरण कोणी व केव्हा केले हे नोंदलेले असल्यामुळेच ‘एकनाथपूर्व संहिता कशी होती?’ हा प्रश्न पुढे विचारता आला. १९०९ मध्ये वि. का. राजवाडे यांनी आपल्या मते एकनाथपूर्व असलेल्या प्रतीवरून ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली आणि हा वाद विद्वानांत दीर्घकाळ चालला. संदर्भ देण्याचे प्रयोजन केवळ चौर्याचा आरोप टाळणे एवढेच नाही. आपले म्हणणे पुढच्या अभ्यासकाला तपासता यावे, गरज पडल्यास खोडताही यावे, यासाठी संदर्भ द्यावयाचा असतो.

विद्यार्थ्यासाठी यातून एक साधी सवय निघते. टिपणवहीच्या पानाचे दोन भाग करावेत. डावीकडे ग्रंथातील वाक्य, लेखकाचे नाव व पृष्ठांक लिहावा. उजवीकडे त्यावरील स्वतःचा विचार, शंका किंवा विरोध लिहावा. उजवी बाजू कोरी राहिली, तर त्या ग्रंथाचे आपले वाचन अद्याप अपुरे आहे असे समजावे. गाइडमधून उतरवलेल्या मजकुराची उजवी बाजू बहुधा कोरीच राहते.

३

पुढची पायरी विषयाचे प्रश्नात रूपांतर करण्याची. ‘एकनाथांची भारुडे : एक अभ्यास’ हे शीर्षक विषय सांगते, प्रश्न सांगत नाही. एकनाथांच्या भारुडांत जोशी, वासुदेव, गोंधळी, महार असे निरनिराळे वक्ते बोलतात. त्यांपैकी ‘जोहार’ या गटातील रचना घेतल्या, तर एक निश्चित प्रश्न उभा राहतो : येथे महार हा वक्ता उपदेशाचा अधिकार असलेली व्यक्ती म्हणून येतो, की अध्यात्म सांगण्यासाठी योजलेले केवळ रूपक म्हणून?

या प्रश्नाला दोन उत्तरे संभवतात. गावातील सर्वांत खालच्या पायरीवर ठेवलेल्या माणसाच्या तोंडी उपदेश घालून एकनाथ श्रोत्यांची नेहमीची उतरंड उलटी करतात, असे एक म्हणता येईल. वक्त्याचे प्रत्यक्ष जगणे रूपकात विरघळून जाते आणि उतरंड आहे तशीच राहते, असे दुसरे म्हणता येईल. विद्यार्थ्याने यांपैकी एक भूमिका विधान म्हणून स्वीकारावी. मग काही निवडक रचना बारकाईने वाचून पुरावा गोळा करावा : वक्ता कोणाला उद्देशून बोलतो, आपल्या कामाचा उल्लेख कसा करतो, रचनेच्या शेवटी त्याचा आवाज टिकतो की कवीची नाममुद्रा त्याची जागा घेते. आपल्या विधानास प्रतिकूल अशी एखादी रचना आढळल्यास ती वगळू नये. आपल्या शास्त्रचर्चेत पूर्वपक्ष आधी, तोही त्याच्या पूर्ण बळानिशी मांडावा, असा दंडक आहे. प्रतिकूल रचनेमुळे विधानाला मुरड घालावी लागली, तर निष्कर्षात तसे स्पष्ट नोंदवावे.

४

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथे या विवेचनाला विशेष महत्त्व आहे. निजामी राजवटीत या भागातील उच्च शिक्षण उर्दू माध्यमाच्या उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेले होते. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने येथे महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. या संस्थांत शिकलेल्या अनेकांच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारे ते पहिलेच होते. लेखनाचे जे संकेत इतरांना घरच्या पुस्तकांतून व बोलण्यातून नकळत मिळतात, ते त्यांना कोणीतरी सांगणे आवश्यक होते. मिलिंद महाविद्यालयात व नंतर विद्यापीठात मराठीचे अध्यापन केलेल्या डॉ. गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक आणि त्याचे लेखक-वाचक मेळावे यांद्वारे नवलेखकांना लिहिण्याची व लिहिलेल्यावर चर्चा करण्याची जागा उपलब्ध करून दिली. वर्गाबाहेर झालेले ते लेखनशिक्षणच होते.

असे शिक्षण वर्गातही देता येईल. आजही प्रमाण मराठी ही घरची बोली नसलेला विद्यार्थी आपल्यासमोर असतो. त्याच्या पहिल्या खर्ड्यावर लाल शाईने केवळ ऱ्हस्वदीर्घाच्या खुणा केल्या, तर आपल्याला विचार करता येत नाही असा निष्कर्ष तो काढतो. वास्तविक त्याला विधान कसे मांडावे हे कोणी सांगितलेलेच नसते. शुद्धलेखन आवश्यकच आहे, पण त्याची पाळी दुसऱ्या खर्ड्यात यावी. पहिल्या खर्ड्याच्या समासात अध्यापकाने तीनच प्रश्न लिहावेत : तुमचे विधान कोणते? ते कोणत्या पुराव्यावर उभे आहे? त्याला विरोध करणारा काय म्हणेल? खर्डा परत करून उत्तरांसह तो पुन्हा लिहून घ्यावा. वर्षाकाठी चार विषयांवर एकेकदा लिहून घेण्यापेक्षा एकाच विषयावर असे तीन खर्डे लिहून घेणे विद्यार्थ्याच्या अधिक उपयोगी पडेल.