आयर्विनला किती?

जुलै सरत आला, कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आली, की सांगलीत जो तो एकच चौकशी करतो : "आयर्विनला किती?" उत्तर फुटांत येतं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 ही धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. आकडा चाळिशीकडे सरकू लागला की सूर्यवंशी प्लॉटमधली बाई फ्रिज विटांवर चढवते आणि पोरांची दप्तरं बहिणीकडे पोचवते. मारुती चौकातला दुकानदार खालचा कप्पा रिकामा करावा की नाही, याचा विचार करत दोन चहा पितो. विश्रामबागेतली मंडळी मात्र गाड्या काढून पाणी बघायला येतात, मक्याची कणसं खातात आणि परत जातात.

नोकरीची सगळी वर्षं मी इथे भूगोल शिकवला. नव्या वर्गाला पहिल्या आठवड्यात मी एक काम द्यायची : घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा काढा, पुस्तकात न बघता. गावभागातल्या मुलांच्या कागदावर कृष्णा असायचीच, घाटाच्या पायऱ्यांसकट, आणि गणपतीचं देऊळ शाळेच्या दुप्पट मोठं. विश्रामबागेकडच्या बहुतेक मुलांच्या नकाशात नदी नसायचीच. त्यांच्यासाठी सांगली म्हणजे मिरज रस्ता, सिग्नल आणि क्लास. केव्हिन लिंच या अमेरिकी नगररचनाकाराने बोस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिसच्या रहिवाशांकडून असेच नकाशे काढून घेतले आणि त्यावर 1960 साली एक पुस्तक लिहिलं. माणूस सर्वेक्षण खात्याच्या नकाशात राहत नाही, डोक्यातल्या नकाशात राहतो, आणि पाऊलही त्याच्याच भरवशावर टाकतो. भूगोलाची एक अख्खी शाखा आज यावर उभी आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत मात्र अजून पठारं आणि पिकंच जास्त.

एरवी डोक्यातला नकाशा चुकला तर दोन गल्ल्या जास्त चालावं लागतं. पुरात तो चुकला तर संसार भिजतो.

2005 साली आयर्विनला पाणी 53 फुटांच्या वर गेलं होतं. त्यानंतर आमच्या भागात ती खूण म्हणजे देवाची रेघ झाली. "2005 ला तिसऱ्या पायरीला टेकलं होतं, त्यापुढे येत नाही," हे मी किती तोंडांतून ऐकलं असेल! लोकांनी घरं त्या रेघेच्या हिशेबाने लावली. गव्हाची पोती, शिलाई मशीन, लग्नाचा अल्बम, सगळं रेघेच्या वीतभर वर. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी साडेसत्तावन्न फुटांच्या आसपास पोचलं. तो वरचा साडेतीन-चार फुटांचा फरक माणसांना दिसतच नव्हता, कारण तो कुणी पाहिलेला नव्हता. गल्लीत कमरेएवढं पाणी असताना शेजारचे काका जिन्यावर बसून हुज्जत घालत होते, "आता उतरणार बघा, झालं त्याचं." रात्री त्यांना बोटीतून काढलं.

हे सांगलीकरांचं वेडेपण नव्हे. शिकागो विद्यापीठाचे गिल्बर्ट व्हाइट यांनी 1940 च्या दशकातच दाखवून दिलं होतं, की पुराचं नुकसान पावसापेक्षा माणसाच्या निवडींवर जास्त ठरतं. पूर अडवणारी भिंत बांधली की माणूस तिच्या भरवशावर आणखी खाली घर बांधतो. त्यांचे विद्यार्थी रॉबर्ट केट्स यांनी टेनेसीतल्या लाफॉलेट या छोट्या गावात पूरपट्ट्यातल्या लोकांशी बोलून 1962 मध्ये जे मांडलं, ते तर आमच्या काकांचंच वर्णन वाटावं : माणूस स्वतः पाहिलेल्या पुराच्या पलीकडचा पूर कल्पू शकत नाही. आमच्याकडे भिंतीऐवजी धरणाचा भरवसा आणि बुजवलेले ओत, म्हणजे पाण्याच्या सखल जागा. पाणी जिथे साठायचं, तिथेच प्लॉट पडले. शामरावनगरला साचलेल्या पाण्यातून वाट काढायला नदीचा पूर लागत नाही, जोराचा पाऊस पुरतो.

सरकारी पूररेषा असतात : निळी 25 वर्षांच्या पुराची, लाल 100 वर्षांच्या. इथेच घोटाळा होतो. "शंभर वर्षांचा पूर येऊन गेला, आता नातवंडांनी बघायचं," असं सुशिक्षित माणसंही म्हणतात. त्याचा खरा अर्थ एवढाच, की दर वर्षी शंभरात एक शक्यता. तीस वर्षं लाल रेषेवर राहिलात, तर तेवढ्या काळात तसा पूर येण्याची शक्यता जवळपास चारात एक. आणि पाण्याला तारखा कुठे पाळायच्या असतात? 2019 नंतर दोनच वर्षांत, 2021 च्या जुलैत, ते पुन्हा दारात होतं.

पूर सगळीकडे संकट म्हणूनच येतो असंही नाही. सांगलीच्या खाली, कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर नृसिंहवाडी आहे. तिथे पाणी दत्तमंदिरात शिरून पादुकांवरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं, तेव्हा दक्षिणद्वार सोहळा होतो. त्या पाण्यात स्नान करायला लोक गावोगावहून धावत येतात. पाणी आणखी चढलं की उत्सवमूर्ती वर हलवायची, दर्शन तिथेच चालू. कुठल्या पातळीला काय उचलायचं, हे पुजाऱ्यांना कागद न बघता ठाऊक असतं. मला त्यातली भक्ती बाजूला ठेवूनही हेवा वाटतो. वाडीकरांनी पाण्याला येण्याजाण्याची वाट ठेवली आहे. आमच्या नव्या वस्त्यांनी ती ठेवली नाही.

माणूस डोक्यातल्या नकाशावरच चालतो, म्हणून पूर आला की क्युसेकचे आकडे ओरडून फारसं काही होत नाही. अमुक लाख क्युसेक ऐकून कुणाच्या डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. "रात्री दहापर्यंत पाणी टिळक चौकात येईल" म्हटलं की माणूस गाठोडं बांधतो. इशारा द्यायचा तर लोकांच्या डोक्यातल्या नकाशावर द्यावा, ही माझी प्रशासनाला विनंती. आणि वाचकहो, तुम्ही नदीकाठी राहत असाल तर या मे महिन्यात एक काम करा. नदीच्या मोजपट्टीवर किती फूट झाले की तुमच्या उंबऱ्याला पाणी लागतं, हे जुन्या शेजाऱ्यांना विचारून दाराच्या चौकटीवर रंगाने लिहा. सामान हलवायची खूण मात्र त्याच्या पाच फूट खालच्या पातळीची धरा.