बूट आले, माप आलंच नाही

गेल्या दिवाळीपासून आमच्या नेहमीच्या सायकल दुकानाने बूट ठेवणं बंद केलं. त्या फळीवर आता बॅटरीच्या सायकलींचे चार्जर मांडलेत. मालकाला विचारलं, तर म्हणाला, "भाऊ, इथं पाय घालून पाहतात अन् मोबाइलवर मागवतात. मी काहून पैसा अडकवू?" त्याचं गणित बरोबर आहे. राग यायचा तो आलाच. पायात घालून, दोन पावलं चालून बघता येतील असे सायकलचे बूट बुलढाणा जिल्ह्यात आणखी कुठे मिळत असतील, तर ते दुकान मला तरी ठाऊक नाही.

जुन्या जमान्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. काळी सायकल, मागे कॅरिअर, कॅरिअरवर दुधाची कॅन नाहीतर धाकटा भाऊ, आणि पायात चप्पल. शर्यतीच्या जगात 1984 मध्ये फ्रान्सच्या लूक कंपनीने बर्फावरच्या स्कीची पकड सायकलच्या पेडलला आणली, आणि पुढच्याच वर्षी बर्नार हिनोने तसल्या पेडलवर टूर द फ्रान्स जिंकली. बुटाच्या तळाला क्लीट, ती पेडलमध्ये खटकन बसणार, पाय निसटणार नाही. ही खटक घाटावर चढून आमच्यापर्यंत यायला तीस वर्षं लागली.

ती आली 2015च्या आसपास. त्या वर्षी नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' जोडीने पूर्ण केली. 2017 मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी तीच शर्यत एकट्याने बारा दिवसांच्या आत संपवली. नागपूर म्हणजे आपलंच! मग खामगाव, चिखली, मलकापूरचे डॉक्टर, मास्तर, बँकवाले गिअरच्या सायकली घेऊ लागले. पहाटे बोथ्याच्या घाटात लाल दिवे लुकलुकायला लागले. 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, 600 किलोमीटर चाळीस तासांत, अशा ब्रेव्हेंचे, म्हणजे ठरल्या वेळेत संपवायच्या लांब सायकलफेऱ्यांचे, हिशेब चहाच्या टपरीवर होऊ लागले. माझ्या लेखी आमच्या सायकलिंगचं ते दशक सोन्याचं.

त्याच दशकात शहरातून आलेल्या गुरूंनी आमच्या पायांचं वाटोळं केलं, तेही एकदा सांगून टाकतो.

पहिला गुरुमंत्र, "रोडचा बूट घट्टच हवा." टाच घट्ट हवी, हे खरं, पेडल वर खेचताना ती उचलली जाता कामा नये. पण पुढचा पंजा? सायकलच्या बुटाचा तळ ताठ असतो, वाकत नाही. त्यामुळे धावण्याच्या बुटासारखी बोटांपुढे अंगठाभर जागा लागत नाही, पाच-सहा मिलिमीटर पुरतात. रुंदीला मात्र तडजोड नाही. एप्रिलच्या उन्हात चार तास पेडल मारलं की पाय सुजतो, आणि अरुंद बुटात पंज्याची नस दाबली जाते. मेहकर येईपर्यंत करंगळी बधिर, पुढे तळव्याला आग. आमच्यातले एक मास्तर दर टपरीवर बूट काढून पाय पाण्यात बुडवत. लोकांना वाटे, मास्तरांचा नवस आहे.

दुसरा मंत्र, "वापरून सैल होईल." चामडं होतं सैल. कृत्रिम कापड आणि कार्बनचा तळ वर्षभर वापरा, आहे तेवढाच राहतो. तिसरा, "तीन बोल्टचीच क्लीट घ्या, खरा रोडवाला तोच." ब्रेव्हेत पोहोचल्याचा पुरावा म्हणून एटीएमची पावती घ्यावी लागते. तीन बोल्टच्या बाहेर आलेल्या क्लीटवर एटीएमच्या गुळगुळीत फरशीवरून चालून दाखवा, मग बोलू. आमच्याकडच्या रस्त्यांना दोन बोल्टची, तळात दडलेली क्लीटच बरी. तेव्हाही मी हेच म्हणायचो, तेव्हा ते गावंढळपण ठरायचं.

खरं माप कळायचं ते मलकापुरातल्या एका म्हाताऱ्या चांभारबुवांना. संध्याकाळी या म्हणायचे, कारण दिवसभराने पाय पुरता पसरलेला असतो. कागदावर उभं करायचे, दोन्ही पाय वेगवेगळे आखायचे आणि मोठ्या पायाचं माप धरायचे. चामडी बूट चावत असेल, तर ओला करून कलबुतावर रात्रभर चढवून ठेवायचे. सायकलचा बूट पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा तळ वाकवून पाहिला, वाकेना. म्हणाले, "हा तं लाकडाचा जोडा हाय. याले पुढून रुंद नाही केलं तं माणूस रडन." बुवा गेले. मुलाने मोबाइलच्या कव्हरांचं दुकान टाकलं.

बुवांचं म्हणणं पुढे मोजूनही निघालं. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर 2021 ते मार्च 2022 या काळात देशभरातल्या एक लाखाहून अधिक लोकांचे पाय मोजले. आपला पाय युरोप-अमेरिकेतल्या पायापेक्षा साधारणपणे रुंद निघाला. त्यावरून भारतीय पायासाठी 'भा' ही नवी मापपद्धतही सुचवली गेली. सायकलच्या बुटांत मात्र मला अजून युरोपचे आकडेच दिसतात. शिमानोसारख्या कंपन्या काही बूट रुंद मापातही काढतात, पण आमच्याकडे फिरत येतात ते नेहमीचेच.

2020च्या टाळेबंदीत सायकली मिळेनाशा झाल्या, नंतर त्यांवर टॉवेल वाळू लागले. समृद्धी महामार्ग जिल्ह्याच्या पोटातून गेला, त्यावर सायकलला बंदी. आता नवी पोरं येतात, सगळ्यांच्या पायात चकचकीत बूट, फिरवून आवळायची चकती लावलेले. फोटो निघतो, तिसऱ्या किलोमीटरला चकती सैल होते. दोन वेळा परत पाठवून तिसऱ्यांदा कंटाळून ठेवून घेतलेला बूट तो. मोबाइलवरच्या तक्त्यात लांबी असते, रुंदीचा रकाना बहुधा नसतोच.

तेव्हा जिल्ह्यातल्या सायकल दुकानदारांना एवढीच विनंती. विक्रीला नको, नुसते घालून बघायला 40 ते 44 मापांचे जोड ठेवा, त्यांत निदान एक रुंद. माप बघायचे पन्नास रुपये घ्या. आम्ही देऊ.