पितळी पुंगळ्यांची स्वच्छता: गैरसमज आणि वस्तुस्थिती

काडतुसाचे चार घटक असतात: पितळी कवच म्हणजे पुंगळी, आघाताने ठिणगी देणारी छोटी टोपी म्हणजे प्रायमर, दारू आणि गोळी. यांपैकी पुंगळी तेवढी बार उडाल्यानंतरही शिल्लक राहत असल्याने अमेरिकेतील अनेक हौशी नेमबाज ती साफ करून, आकारात आणून घरीच पुन्हा भरतात आणि या उद्योगाला पुनर्भरण म्हणतात. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही, त्यामुळे हा छंद मुख्यतः परदेशातला आहे. मात्र पितळ हा धातू मराठी घरांच्या पूर्ण परिचयाचा असून, त्याच्या स्वच्छतेविषयीच्या ज्या समजुती भांडी घासताना निरुपद्रवी ठरतात, त्याच पुंगळीच्या बाबतीत घातक ठरू शकतात.

गैरसमज: पुंगळी जितकी चकचकीत, तितकी ती चांगली.

वस्तुस्थिती: चकाकीचा आणि मजबुतीचा संबंध नाही, आणि वापराने काळवंडलेली पण निर्दोष पुंगळी ही झळाळणाऱ्या पण तडकलेल्या पुंगळीपेक्षा कितीतरी अधिक विश्वासार्ह असते. स्वच्छतेची खरी कारणे दोन आहेत. पहिले असे की पुंगळीवर चिकटलेली वाळू आणि काजळी तिला आकार देणाऱ्या साच्याला ओरखडे पाडतात. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे असे की काजळीखाली दडलेले दोष पुंगळी साफ केल्याशिवाय डोळ्यांना दिसत नाहीत. तोंडाशी गेलेली उभी चीर किंवा बुडाच्या थोडे वर उमटलेले उजळ कडे, जे आतून धातू पातळ होत चालल्याचे चिन्ह असू शकते, यांपैकी काहीही आढळल्यास ती पुंगळी बाद करावी लागते. घासून किंवा उजळून तो दोष भरून निघत नाही.

गैरसमज: आंबट द्रावण जितके तीव्र, तितकी सफाई उत्तम.

वस्तुस्थिती: चिंचेने किंवा लिंबाने पितळेचे भांडे उजळते, कारण त्यांतील आम्ल पृष्ठभागावरील काळपट थर विरघळवते, आणि सायट्रिक आम्लाचे सौम्य द्रावण पुंगळ्यांसाठीही याच तत्त्वावर वापरले जाते. परंतु पुंगळीचे पितळ सुमारे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त यांचा मिश्रधातू असते, आणि द्रावण तीव्र असल्यास किंवा पुंगळ्या त्यात फार काळ राहिल्यास तांब्याच्या तुलनेत जस्त अधिक सहज विरघळून जाऊ शकते. पितळावर उमटणारी गुलाबी-तांबूस छटा हा त्याचा इशारा असू शकतो. म्हणून द्रावण सौम्य, वेळ थोडा आणि त्यानंतर भरपूर पाण्याने धुणे, हाच क्रम योग्य ठरतो.

गैरसमज: पितळ चमकवणारे कोणतेही पॉलिश पुंगळीला चालते.

वस्तुस्थिती: या समजुतीचे उत्तर भारताच्या इतिहासातच सापडते. ब्रिटिश काळात पावसाळ्यात लष्करी हालचाली थंडावत आणि काडतुसे कोरड्या दिवसांपर्यंत घोड्यांच्या पागांत साठवली जात. पुढे त्यांतील अनेक पुंगळ्या, विशेषतः जिथे त्या गोळीवर घट्ट आवळलेल्या असत तिथे, तडकलेल्या आढळल्या, आणि ऋतूशी जोडलेल्या या प्रकाराला ‘सीझन क्रॅकिंग’ हे नाव पडले. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी १९२१ मध्ये त्याचा उलगडा केला, तो असा की घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया आणि थंड अवस्थेत ओढून घडवलेल्या पितळात साठून राहिलेला ताण या दोहोंच्या संयोगाने धातूला तडे जातात. काही पॉलिशांमध्ये आजही अमोनिया असतो, त्यामुळे भांड्याला झळाळी देणारे तेच द्रव्य आतून ताण धरून असलेल्या पुंगळीला कमकुवत करू शकते.

गैरसमज: निघणारा मळ म्हणजे केवळ काजळी.

वस्तुस्थिती: बहुतेक प्रायमरांमध्ये लेड स्टिफनेट हे शिशाचे संयुग असल्यामुळे पुंगळीतील काजळीत शिसे मिसळलेले असते. कोरड्या पद्धतीत पुंगळ्या अक्रोडाच्या कवचाच्या किंवा मक्याच्या कणसाच्या भरड्यात घालून यंत्राने हलवतात, आणि यंत्राचे झाकण उघडताना किंवा भरडा चाळताना हीच धूळ हवेत उडते. शिशाची कोणतीही सुरक्षित पातळी ज्ञात नाही आणि त्याचा सर्वाधिक धोका लहान मुलांना असतो. म्हणून हे काम स्वयंपाकघरापासून दूर, हवेशीर जागी करणे, त्यासाठी वापरलेले भांडे अन्नाकडे कधीही न वळवणे आणि शेवटी हात साबणाने धुणे आवश्यक ठरते. पोलादी सुयांसह पाण्यात फिरवण्याच्या ओल्या पद्धतीत धूळ उडत नाही, परंतु ते गढूळ पाणीही शिसेयुक्त असल्याने त्याची विल्हेवाट घातक कचऱ्याच्या नियमांनुसारच लावावी लागते.

गैरसमज: धुतलेल्या पुंगळ्या भट्टीत किंवा ज्योतीवर धरून झटपट सुकवाव्यात.

वस्तुस्थिती: आत पाणी राहिल्यास दारू आणि प्रायमर निकामी होऊ शकतात, हे खरे असले तरी अतिउष्णता त्याहून धोकादायक असते. पुंगळीचे बूड मुद्दाम कठीण ठेवलेले असते, कारण बार उडताना तिथला धातू दाबाखाली टिकावा लागतो. अनियंत्रित उष्णतेने तो मऊ पडला तर पुंगळी फाटून नेमबाजालाच इजा होऊ शकते, आणि असे मऊ पडलेले पितळ बाहेरून ओळखता येत नाही. त्यामुळे पाणी निथळू देऊन हवेत पूर्ण वाळवणे हाच निर्धोक मार्ग होय.

या सर्व समजुतींच्या मुळाशी एकच चूक आहे, ती म्हणजे पृष्ठभागावरून धातूची परीक्षा करणे. पितळातून निघून गेलेले जस्त, त्यात साठलेला ताण, मऊ पडलेले बूड आणि हवेतील शिसे यांपैकी काहीही चकाकीवरून कळत नाही. म्हणून पुंगळी साफ करण्याचे काम ती उजळल्यावर संपत नाही, तर प्रत्येक पुंगळी हाती घेऊन, उजेडात तपासून आणि शंका येताच बाद करून ते पूर्ण होते.