एचआयव्ही, दारू आणि ताटातली भाकर

कापूस वेचणीच्या दिवसांत महागाव तालुक्यातल्या गावांत संध्याकाळी हाती मजुरी येते. कोणाची सगळी घरी पोहोचते, कोणाची थोडी दारूच्या दुकानात राहते. घरात एचआयव्हीची लागण झालेली व्यक्ती पीत असेल, तर हा हिशेब नुसत्या पैशाचा राहत नाही, शरीराचाही होतो.

एचआयव्ही रोगप्रतिकारशक्तीच्या पेशींवर हल्ला करतो. त्याच्याशी झुंजताना शरीराला जास्त अन्न लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार लक्षणे नसतानाही मोठ्या माणसाची उष्मांकांची गरज सुमारे १० टक्के वाढते आणि आजार बळावला की २० ते ३० टक्के.

दारू नेमकी इथेच घात करते. १८० मिलीच्या एका क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम अल्कोहोल असते. त्याचे उष्मांक चारशेच्या वर, म्हणजे दोन-अडीच भाकरींइतके. भूक मरते, पण प्रथिने किंवा जीवनसत्त्वे काहीच मिळत नाहीत. जे थोडे खाल्ले जाते तेही नीट अंगी लागत नाही. आतड्याच्या अस्तराला एचआयव्हीमुळे आधीच इजा झालेली असते, त्यात दारू भर घालते. बी-१ जीवनसत्त्व, फोलेट आणि झिंक कमी पडतात. अ जीवनसत्त्व साठवणारे यकृत थकते. वजन उतरते, हातापायांना मुंग्या येतात, जुलाब लवकर थांबत नाहीत.

दुसरा धोका गोळी चुकण्याचा. सरकारी केंद्रांत एआरटीची औषधे २००४ पासून मोफत मिळतात. ‘आज घेतली आहे, मग गोळी नको’ असे म्हणून अनेकजण डोस टाळतात. ही मोठी चूक आहे. प्यायली असली तरी एआरटीची गोळी वेळेवर घ्यावी. वारंवार डोस चुकले की विषाणू वाढतो आणि औषधाला दाद देईनासा होतो. सोबत क्षयरोगाचे उपचार सुरू असतील तर दारू पूर्ण बंदच हवी, कारण त्या औषधांचा भार यकृतावरच पडतो.

पौष्टिक आहार म्हणजे महागडे डबे नव्हेत. ज्वारीची भाकर, तुरीचे घट्ट वरण, मोड आलेली मटकी, शेंगदाणे, शेवग्याचा पाला, जमेल तेव्हा अंडे. तोंड आले असेल तर मऊ खिचडी द्यावी. एकदम खाणे होत नसेल तर दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे खावे. पाणी उकळून प्यावे.

रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र स्वतःच्या मनाने एकदम दारू तोडू नये. थरथर, भास किंवा झटके येऊ शकतात. एआरटी केंद्राच्या समुपदेशकाला खरे सांगावे आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. १०९७ या मोफत क्रमांकावरही माहिती मिळते. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक केले आहे आणि भेदभावाला मनाई केली आहे.

पाचवे शील आपण वंदनेत म्हणतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. आजारी माणसाला हिणवण्यासाठी मात्र या शीलाचा वापर होऊ नये. हिणवलेला माणूस गुपचूप पितो आणि केंद्रावर जाणे सोडतो. त्याला आधी जेवायला वाढा, गोळीची आठवण द्या आणि पुढच्या तारखेला सोबत जा.